बाईंच्या चुका

"बाई, चुकलासा!"

मी स्वयंपाकघराच्या दाराने नुकतीच आत आले होते. वर्ग चालू असला की घरच्यांनी पुढच्या खोलीतून यायचं नाही, हा आईचा नियम. खांद्यावरची बॅग उतरवायच्या आधीच हा आवाज कानावर पडला आणि मला हसू आलं. दाराच्या फटीतून पुढे पाहिलं. सतरंजीवर दहावीची आठ मुलं. फळ्यापाशी आई, हातात खडू. उभी राहिलेली मुलगी किडकिडीत, दोन घट्ट वेण्या घातलेली.

"कुठं गं?" आईने विचारलं.

"वरच्या ओळीत छप्पन्न हाय. खाली तुम्ही चौपन्न लिहिलासा."

आई फळ्याकडे वळली. तिने पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, पुन्हा पहिली वाचली. गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता. इचलकरंजीत शांतता म्हणजे एवढीच.

"बरं," आई म्हणाली. "लिही वहीत."

मी मनात म्हटलं, काय अभिनय करते ही बाई.

ही नऊ वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. तो गुरुवार होता. रविवारी मला बंगळूरची गाडी पकडायची होती, सोमवारी नव्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं. पुण्याची खोली सोडून मधले चार दिवस आईकडे काढायला आले होते.

आई नगरपालिकेच्या शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाल्यावर घरी वर्ग घ्यायला लागली, पण घ्यायची ती पस्तीसच्या आतले गुण मिळवलेलीच मुलं. चाळीसवाल्याला दारातूनच परत पाठवायची. "तुझं तू करशील, जा." आणि शिकवायची तिची एक रीत होती. रोज फळ्यावर एक चूक करायची. मुद्दाम. चूकही अशी निवडायची, की मुलं स्वतः जी हमखास करतात. ज्याला सापडेल त्याने उभं राहून सांगायचं. मग आई कमरेवर हात ठेवून विचारायची, "कशावरून?" त्याने ते सिद्ध करून दाखवायचं आणि कोपऱ्यातल्या लांबट वहीत तारीख, चूक आणि खाली स्वतःचं नाव लिहायचं. आई त्याखाली हिरव्या शाईने 'मान्य' असं लिहून सही करायची. वहीच्या पुठ्ठ्यावर तिच्याच अक्षरात नाव होतं : 'बाईंच्या चुका'. कुणालाच सापडली नाही, तर तास संपताना ती स्वतः म्हणायची, "आज सुटले मी तुमच्या हातून." चूक दाखवायची आणि मगच फळा पुसायची. चुकीचं गणित घेऊन एकही मूल घरी जाता कामा नये, हा तिचा कायदा होता.

या चुका ठरवून केलेल्या असतात हे मुलांना सांगायचं नाही, हा दुसरा कायदा. मुलांना वाटायचं, बाईंचं वय झालं, चष्मा जुना झाला. मला मात्र लहानपणापासून माहीत होतं. गवारीच्या शेंगा मोडता मोडता ती मलाच विचारायची, "आज कुठं चुकू गं, ऊर्मी?" आणि मी मोठ्या फुशारकीने सुचवायची.

"ज्याला जन्मात कुणी बरोबर म्हटलेलं नाही," ती म्हणायची, "त्याला आधी दुसऱ्याची चूक सापडू दे. मग स्वतःची बघायचा धीर येतो."

मुलं गेल्यावर मी पुढे गेले. आई खुर्चीवर बसली होती. खडूने भरलेले हात तसेच मांडीवर.

"आज तर कमालच केलीस," मी म्हटलं. "दोन-दोनदा काय वाचतेस, गोंधळतेस काय! नाटकात जायला हवं होतंस."

ती माझ्याकडे बघून हसली. "आलीस होय? चहा टाक."

"ती कोण गं, वेण्यावाली?"

"तीच ती सानिका. हावळांची." आईचा चेहरा उजळला. "जूनमध्ये आली तेव्हा बीजगणितात नऊ. चाळीसपैकी नऊ. दोन महिने तोंड उघडलं नाही, दप्तराच्या आड बसायची. पहिली चूक पकडली तेव्हा इतकं हळू बोलली, की मी तीनदा म्हटलं, मला ऐकू येत नाही. तिसऱ्यांदा ओरडली माझ्यावर. आता बघ. फळ्यावरून नजर हलत नाही तिची."

"पास होईल?"

"होईल म्हणजे? ही एवढी मार्चमध्ये सुटली की मी वर्ग बंद करायला मोकळी."

सानिकाबद्दल मी फोनवर पूर्वी ऐकलं होतं. आई एखाद्या मुलाबद्दल अशी बोलायला लागली, की मला लहानपणी थोडा मत्सर वाटायचा. त्या दिवशीही वाटला असेल, नाही म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई जेवून आडवी झाली होती. मी स्वयंपाकघरात खाली बसून बॅग लावत होते. परसदारी कुणीतरी खाकरलं. सानिका. ओढणीखाली काहीतरी धरलेलं.

"वर्ग पाचला आहे ना?" मी विचारलं.

"होय. मी तुमच्याकडंच आलो." आमच्याकडच्या मुली असंच बोलतात, मी आलो, मी गेलो. "ताई, बाईंना बरं नाही काय?"

"का गं? चांगली ठणठणीत आहे की."

ती उंबऱ्यावरच बसली. ओढणीखालून तिने ती लांबट वही काढली आणि माझ्यापुढे फरशीवर ठेवली.

"हे ऑगस्टातलं बघा. इथं कंसाचा वर्ग करताना बाई मधलं पद विसरल्या. हितं वजा पाच पलीकडं नेले आणि चिन्ह बदललं नाही. ह्या चुका आम्ही पण करतोय. पकडली की डोक्यात बसती." तिने भराभर पानं उलटली. "आता हे दिवाळीच्या नंतरचं. छप्पन्नाचं चौपन्न. सतराचं एकाहत्तर. हितं तर निम्मं गणित एका उदाहरणाचं, निम्मं दुसऱ्याचं. ह्यात शिकायचं काय हाय, सांगा की."

"रोज रोज नवीन चूक कुठून आणणार गं ती?"

"रोज एक असती तर काय नव्हतं. आता तीन-तीन, चार-चार व्हायल्यात. आणि पूर्वी पकडली की हसायच्या, 'कशावरून' म्हणायच्या. आता म्हणत नाहीत. नुसत्या फळ्याकडं बघत ऱ्हातात. हिरवी सही पण करत नाहीत, मी 'सही' म्हटलं तर करतात."

मी बॅगेत साडी ठेवली. बाहेर काढली. पुन्हा घडी घालून ठेवली.

"आमची आई मेंडिंगला जाती, ताई. कोऱ्या कापडातले सुटलेले धागे सुईनं भरायचं काम. मी पण बसतो तिच्याबरोबर सुट्टीत. एखादा धागा चुकून तुटला तर दोष एकाच जागी असतोय, तो भरता येतो. पण यंत्रमागच बिघडला असला, तर तोच दोष सगळ्या ताग्यात येत ऱ्हातो, अंतरा-अंतरानं. तसलं दिसलं की आई कापड भरत बसत नाही. उठून मागवाल्याला सांगून येती." तिने वहीवर हात ठेवला. "म्हणून मी तुम्हाला सांगायला आलो."

मला ती काय सांगते आहे हे कळलं होतं. क्षणभर का होईना, नीट कळलं होतं. त्या क्षणात मला रविवारचं तिकीट दिसलं, नव्या ऑफिसचं पत्र दिसलं. आई एकटी आहे, हे तर मला रोजच दिसायचं. पण आई ठणठणीत आहे, या एकाच वाक्यावर माझं बंगळूर उभं होतं.

"सानिका," मी म्हटलं, "तुला एक गुपित सांगू? आईला सांगू नकोस हं, मी सांगितलं म्हणून."

आणि मी तिला सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. अगदी प्रेमाने, मोठ्या बहिणीने सांगावं तसं सांगितलं. बाई चुकत नाहीत. बाई ठरवून चुकतात. तुमचा आत्मविश्वास वाढावा म्हणून.

तिने वहीवरचा हात काढला.

"सगळ्या मुद्दाम?"

"सगळ्या."

"ऑगस्टातली पण? माझी पहिली?"

"ती तर खास तुझ्यासाठी होती. आईने मला आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, उद्या सानिकासाठी चुकणार आहे म्हणून."

मला वाटलं, तिला आनंद होईल. बाईंनी आपल्यासाठी एवढं केलं याचा.

"म्हणजे," ती म्हणाली, "मला ती सापडली नव्हती. मला ती दिलेली."

"तसं नाही गं..."

"आणि आत्ताच्या? छप्पन्नाचं चौपन्न?"

"तेही असंच. अवघड करत नेते ती. तुम्ही हुशार झालात ना आता."

तिने वही उचलली, ओढणीखाली धरली. "बरं," म्हणाली. उठताना एवढंच बोलली, "मी आल्तो म्हणून बाईंना सांगू नका."

पाचला वर्ग भरला. मी आत मटार सोलत बसले होते. कान पुढच्या खोलीत.

आईने गणित सांगितलं. दोन क्रमागत सम संख्यांचा गुणाकार एकशे अडुसष्ट आहे, तर त्या संख्या कोणत्या? खडू चालू लागला. समीकरण झालं, अवयव झाले. आईचा आवाज नेहमीसारखा, स्वच्छ.

"म्हणून त्या संख्या," ती म्हणाली, "बारा आणि तेरा."

मी मटार सोलायची थांबले. तेरा. सम संख्या विचारल्यात आणि तेरा. सोपीच चूक होती, पाचवीतलं मूलही पकडेल. मी वाट पाहत राहिले, आता सानिका म्हणेल, चुकलासा.

कुणी काही बोललं नाही. मी दाराच्या फटीतून पाहिलं. एका मुलाने बाकीच्यांकडे पाहिलं, मग सानिकाकडे. चुका पकडण्याचं काम आता तिचंच झालं होतं, बाकीचे तिच्यावर सोडून द्यायचे. सानिका वहीत मान घालून लिहीत होती. ओळ न् ओळ, फळ्यावर होती तशी. बारा आणि तेरा.

तास संपला. आता आई म्हणेल, आज सुटले मी तुमच्या हातून.

आईने फळा पुसला.

"या उद्या," ती म्हणाली.

आठ मुलं चुकीचं गणित घेऊन घरी गेली. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदा घडत होतं आणि मी हातात शेंग धरून ते पाहिलं होतं.

शनिवारी सकाळी पोहे खाताना मी विचारलं, "आई, काल तू शेवटी चूक दाखवली नाहीस."

"कुठली चूक?"

"तेरा. बारा आणि तेरा."

तिने माझ्याकडे पाहिलं. काल फळ्याकडे जसं पाहत असेल, तसंच असावं ते. मग म्हणाली, "अगं हो. राहिलंच."

राहिलं, हा शब्द मी उचलला आणि जपून ठेवला. राहतं माणसाचं, एकसष्टाव्या वर्षी.

"आज कुठं चुकू?" तिने विचारलं.

"कंसाबाहेरचा वजा. आत शिरताना एकाच पदाचं चिन्ह बदल."

"लिहून दे."

मी हसले, पण चिठ्ठीवर लिहून दिलं. तिने ती चिठ्ठी ब्लाउजमध्ये ठेवली. थोड्या वेळाने म्हणाली, "ऊर्मी, अजून दोन दिवस राहतेस का गं?"

"आई, सोमवारी रुजू व्हायचंय. तुला माहीत आहे."

"हो हो. माहीत आहे."

रविवारी मी गेले.

मे महिन्यात शेजारच्या काकूंचा फोन आला. आई न्हाणीघरात पडली होती. मिरजेच्या दवाखान्यात मेंदूचं चित्र काढलं. गाठ होती. हळूहळू वाढत आलेली. डॉक्टर तरुण होते, सौम्य होते. त्यांनी विचारलं, "मागच्या काही महिन्यांत काही जाणवलं होतं? बोलण्यात, आकड्यांत काही गोंधळ?"

माझ्या आईच्या चुका मुद्दाम असतात, असं मी म्हणणार होते. ते वाक्य जिभेवर आलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

"अं," ते म्हणाले. "चार महिने आधी आला असतात तर..." आणि वाक्य पुरं न करता त्यांनी कागद पालटला.

ऑगस्टात आई गेली.

या वर्षी मार्चमध्ये मी घर रिकामं करायला गेले. फळा कुणाला द्यावा हे ठरत नव्हतं. परसदारी कुणीतरी खाकरलं. मी वळून पाहिलं, ओळखायला थोडा वेळ लागला. वेण्या नव्हत्या. गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र होतं.

"घर विकायलाय म्हणून कळलं, ताई. हे तुमचं माझ्याकडं ऱ्हायलं होतं."

तीच लांबट वही. पुठ्ठ्याला नवं कव्हर घातलेलं.

तिला खुर्ची दिली, तरी ती उंबऱ्यावरच बसली. मी तिच्यासमोर फरशीवर. ती आता एका शर्टाच्या कारखान्यात कापड तपासायला होती. हाताखाली बारा जणी.

"दहावीचं काय झालं तेव्हा?" मी विचारलं. नऊ वर्षांत मी हे कुणालाच विचारलं नव्हतं.

"गणितात गेलो पहिल्यांदा. दुसऱ्या खेपेला सुटलो." ती सहज बोलत होती. "दोन गणितं बरोबर आलेली, ताई. बरोबर लिहून खोडली मी. घरी परत आल्यावर बघितलं तर उत्तर तेच."

"का खोडलीस?"

"खात्री वाटंना." तिने खांदे उडवले. "मला वाटलं, ही पण कुणीतरी दिलेली असणार."

मी वही उघडली. ऑगस्ट, सप्टेंबर, नावं, हिरवं 'मान्य'. जानेवारीच्या त्या गुरुवारपर्यंत. पुढची पानं कोरी असतील असं मला वाटलं होतं. ती भरलेली होती. पेन्सिलीने, बारीक अक्षरात. तारीख आणि चूक. तारीख आणि चूक. खाली नाव नाही, 'मान्य' नाही. पहिलीच ओळ शुक्रवारची होती : बारा आणि तेरा.

"तू लिहीत होतीस?"

"वही माझ्याकडंच ऱ्हायली, बाईंनी मागितली नाही. घरी जाऊन लिवायचो. वर्गात बोललो नाही. तुम्ही म्हणालेलासा मुद्दाम करतात, मग बोलून बाईंचा खेळ कशाला मोडायचा? पण मनाला पटंना. म्हणून लिहून ठेवलं." तिने गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. "नंतर बाई गेल्याचं कळलं, तेव्हा वाटलं, ओरडायला पाहिजे होतं. पहिल्यांदा ओरडलो होतो तसं."

"तू सांगितलं होतंस," मी म्हटलं. "मला."

त्यावर ती होय म्हणाली नाही, जाऊ दे म्हणाली नाही.

आईच्या टेबलाचा खण अजून रिकामा केला नव्हता. त्यात हिरवं पेन होतं. शाई सुकलेली. निब पाण्यात बुडवून झटकलं, तेव्हा फिकट रेघ उमटली. मी शुक्रवारच्या ओळीखाली लिहिलं, 'मान्य'. माझी सही केली. मग शनिवार. चिठ्ठी लिहून दिली होती ती चूक त्यात नव्हती, दुसऱ्याच दोन होत्या. मान्य. मान्य. सानिका बघत राहिली. मी पान उलटत गेले. फेब्रुवारी. एका दिवसात पाच. मार्चपर्यंत येता येता अक्षर शेवाळासारखं फिकट झालं होतं, तरी मी थांबले नाही.

"ती नको," सानिका एकदम म्हणाली.

"कुठली?"

"ही, शेवटून दुसरी. ती बाईंची चूक नव्हं. माझीच." तिने पुढे वाकून ओळीवर बोट ठेवलं. "बाईंनी वजा चारचा वर्ग सोळा लिहिला होता. मी घाईत समजलो वजा सोळा पाहिजे."

पेन हातात तसंच राहिलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कशावरून?"

सानिका उंबऱ्यावरून उठली. उभी राहिली, हात मागे घेतले, जशी त्या खोलीत उभी राहायची.

"वर्ग म्हणजे त्या संख्येला त्याच संख्येनं गुणायचं. वजा चार गुणिले वजा चार. वजा गुणिले वजा अधिक. चार चोक सोळा." तिचा आवाज मोठा होता, माग चालू असतानाही गल्लीत ऐकू जाईल इतका. "बाई बरोबर होत्या."

मी ती ओळ खोडली. तारीख तेवढी राहू दिली. तेरा मार्च. त्या दिवशी आई बरोबर होती.